गाणं अर्ध्यात अडकलेलं फ्रेंच घड्याळ: चावी देण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. पणजोबांनी मुंबईत एका लिलावात घेतलेलं, काचेच्या घुमटाखालचं फ्रेंच घड्याळ आता तुमच्याकडे आलं आहे. खडकावर किल्ला, त्याच्या बुरुजात घड्याळाची तबकडी, खाली रंगवलेल्या कापडाचा समुद्र, त्यावर शिडाचं जहाज, मागे पुलावरून जाणारी आगगाडी, कडेला पवनचक्की आणि काचेचा धबधबा. घड्याळ चालतं, ठोकेही देतं. पण बाजूची दोरी ओढली की गाणं सुरू होतं आणि दर वेळी जवळजवळ एकाच जागी येऊन थांबतं. खालची फळी काढून आतल्या छोट्या पंख्याला बोट लावलं की चार सूर पुढे जातं. जहाज एका कुशीवर कललेलं आहे, हलत नाही. ओळखीचे घड्याळवाले काका म्हणाले, "उघडून पेट्रोलमध्ये धुतो, तेल घालतो, होईल सुरू." द्यावं का, आणि याची किंमत किती येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

अजून देऊ नका. आणि पंख्याला बोट लावणं आजपासून बंद करा, गाण्याला चावी देणंही बंद.

एरवी घड्याळ बंद पडलं म्हणजे त्यातली चावी संपली, असं आपण धरून चालतो. तुमच्याकडे उलटं झालं आहे. गाण्याची स्प्रिंग पूर्ण भरलेली आहे आणि तिच्या वाटेत कुठेतरी काहीतरी आडवं आलं आहे. तुम्ही बोट लावता तेव्हा ते आडवं आलेलं काहीतरी जोराने दाबलं जातं, वाकतं किंवा तुटतं, आणि गाणं पुढे सरकतं. ते चार सूर कशाच्या मोबदल्यात मिळाले हे पेटी उघडेपर्यंत कळत नाही.

हे पटायला आत काय आहे ते माहीत हवं. घुमटाखाली एक वस्तू दिसत असली तरी यंत्रं दोन आहेत आणि एक देखावा आहे. पहिलं यंत्र घड्याळाचं. ते बहुधा गोल पितळी पत्र्यांचं, आठ दिवस चालणारं पॅरिसचं नेहमीचं यंत्र असेल. त्याचे कच्चे भाग फ्रान्समधल्या बोकूर गावच्या जापी बंधूंसारख्या कारखान्यांतून हजारोंनी यायचे आणि पॅरिसमध्ये पुरे व्हायचे. मागच्या पत्र्यावर 'जापी' किंवा 'व्हॅन्साँती' असा गोल शिक्का सापडला तर हरखून जाऊ नका. तो यंत्राचा कारखाना आहे, देखावा करणारा कारागीर वेगळा. लंबक असेल तर त्याच पत्र्यावर '५ ६' अशी जोडी कोरलेली दिसेल. ती लंबकाची लांबी, जुन्या फ्रेंच मापांत: पाच पूस सहा लीन्य, म्हणजे साधारण १४९ मिलिमीटर. तुमचा लंबक त्यापेक्षा फारच वेगळा निघाला तर तो नंतर कुणीतरी बदललेला आहे. तुमचं घड्याळ चालतंय, म्हणून या भागात मी जास्त शिरत नाही.

दुसरं यंत्र पायातल्या लाकडी पेटीत आहे, आणि खरा मामला तिथे आहे. एक पितळी सिलिंडर, त्यावर केसासारख्या बारीक हजारो पिना, आणि समोर पोलादी फणी. फणीचा प्रत्येक दाता एक सूर. पिन दात्याचं टोक उचलते, सोडते, दाता वाजतो. घंट्यांऐवजी पोलादी पट्ट्या वाजवायची ही कल्पना जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र याने १७९६ साली तिथल्या कलामंडळापुढे मांडली, आणि पुढच्या शतकात फ्रेंच घड्याळांत बसणारी संगीतयंत्रं बरीचशी स्वित्झर्लंडमधूनच येत राहिली. फ्रान्समध्ये सेंत-सुझानला १८३९ साली सुरू झालेला लेपे यांचा कारखाना हा मोठा अपवाद. सिलिंडर किती वेगाने फिरावा हे तो पंखा ठरवतो. मळसूत्राच्या बारीक दांड्यावर बसलेला हा पंखा हवा कापत गरगर फिरतो आणि स्प्रिंगच्या जोराला आवरून धरतो. एवढ्या मोठ्या स्प्रिंगला आवरणारी गोष्ट तेवढी एकच.

मी हे इतक्या ठासून सांगतो त्याला कारण आहे. धंद्यात नवीन होतो. घड्याळं बरीच हाताखालून गेली होती, संगीतपेटी पहिलीच. गाणं अडकलेलं होतं, तुमच्यासारखंच. मला वाटलं पंख्याच्या वरच्या टोकाला घाण बसली असेल, म्हणून त्याची पट्टी काढायला एक स्क्रू सैल केला. स्प्रिंग उतरवली नव्हती. पंखा मळसूत्रातून निसटला, आणि सिलिंडर मोकाट सुटला. घर्रर्र असा आवाज झाला, पत्र्यावर मूठभर मोहऱ्या फेकाव्यात तसा. एक सेकंदही लागला नसेल. शांत झालं तेव्हा फणीचे अकरा दाते टेबलावर पडले होते आणि सिलिंडरच्या एका पट्ट्यातल्या पिना वाऱ्याने लोळवलेल्या गव्हासारख्या आडव्या झाल्या होत्या. गिऱ्हाईक भला माणूस होता, काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून काकांना एकच प्रश्न विचारा: "फणी किंवा पंखा सोडवण्याआधी स्प्रिंग कशी उतरवाल?" स्प्रिंगचा दांडा चावीने हातात धरून, खटका मागे घेऊन, थोडी थोडी चावी उलटी सोडतो, असं सांगितलं तर माणूस जाणता आहे. "ते काय, सुटून जाईल आपोआप" म्हणाले तर चहा पाजा आणि घड्याळ परत आणा. काका भिंतीवरच्या घड्याळांत कितीही तरबेज असोत. भिंतीवरच्या घड्याळाला चूक माफ असते, याला नसते.

आता तुमच्या बिघाडाकडे. फोटो आणि वर्णनावरून छातीठोक सांगता येणार नाही, पण तुम्ही एक अतिशय मोलाची गोष्ट नोंदवली आहे: गाणं 'एकाच जागी' थांबतं. तेल वाळून चिकट झालं असतं किंवा पंख्याच्या दांड्याचं टोक झिजलं असतं, तर ते कुठेही थांबलं असतं, कधी लवकर, कधी उशिरा, थंडीत जास्त. दर वेळी तोच सूर म्हणजे सिलिंडरच्या एका फेऱ्यात एकदाच येणारी अडचण. अशा यंत्रांत एक गाणं म्हणजे सिलिंडरचा एक फेरा, वेळ मिनिटाच्या आसपास. जहाज या एका मिनिटात कितीतरी वेळा वर-खाली होतं. जहाजाचा दांडा अडत असता तर गाणं पहिल्याच हेलकाव्याला थांबलं असतं. त्यामुळे कललेलं जहाज हा वेगळा बिघाड धरतो, बहुतेक सुटलेली दोरी किंवा निखळलेला दांडा. गाणं अडवणारा तो नाही.

मग एकदाच येणारं काय असू शकतं? एक तर वाकलेली पिन, जी दोन दात्यांच्या मधल्या फटीत घुसते. दुसरं, तुटलेल्या दात्याचं टोक मध्ये अडकलेलं. तिसरं आगगाडी. ती पट्ट्यावर किंवा फिरत्या चाकावर बसवलेली असते, आणि पट्ट्याचा जोड कडक झाला असेल तर तो पुलाच्या बोगद्याशी आला की सगळं धरून ठेवतो. जुन्या व्हिडिओत पाहा: गाणं थांबतं तेव्हा गाडी दर वेळी त्याच ठिकाणी असते का? असेल तर मला गाडीचा संशय येईल आणि खर्च बराच कमी येईल. गाडी वेगवेगळ्या ठिकाणी आणि सूर मात्र तोच, तर दोष सिलिंडरवर. याच्यासाठी पुन्हा चावी देऊन नवा व्हिडिओ काढू नका, आधीचे आहेत तेवढे पुरेत.

गाणं आत्ता अर्ध्यात थांबलेलं आहे, म्हणजे या क्षणी काही पिना दात्यांना टेकून उभ्या आहेत. अशा अवस्थेत घड्याळ गाडीत घालून नेलं आणि खड्ड्यात आदळलं तर नुकसान तिथेच होतं. गाण्याच्या शेवटी सिलिंडरवर पिना नसलेली एक रिकामी पट्टी येते. हलवायचं ते सिलिंडर तिथे असताना. तुमच्या बाबतीत तिथवर नेणं शक्य नाही, म्हणून माणसाने घरी येऊन स्प्रिंग उतरवलेली बरी. कुरिअरचा विचारही नको. पेटीला गाणं बदलायची दांडी असेल तर तिलाही हात लावू नका. ती सिलिंडरला केसभर बाजूला सरकवते, आणि अर्ध्यात सरकवलं की पिना दात्यांच्या कडेला घासून वाकतात.

आता पेट्रोल. घड्याळाचं यंत्र सुटं करून धुणं ठीक आहे, सगळेच धुतात. पण संगीताचा सिलिंडर आतून पोकळ असतो आणि पिना जागच्या जागी घट्ट राहाव्यात, सूर खणखणीत निघावा म्हणून त्याच्या आतल्या बाजूला राळेचा थर ओतलेला असतो. गरम पाणी, तीव्र द्रव, अल्ट्रासॉनिक टाकी, यांपैकी काहीही त्या राळेला लागलं की ती सुटते, आणि मग पेटी गाते पण कुणीतरी डब्यात चमचे हलवल्यासारखी. कडक उन्हात ठेवूनही हेच होतं. फणीच्या खाली बारीक तारांचे दाबक असतात, दाता पुन्हा उचलला जाण्याआधी त्याची कंपनं थांबवायला. त्यावर तेल पडलं की ते काम करेनासे होतात आणि प्रत्येक सुराआधी चर्र असा आवाज येतो. स्प्रे मारण्याचा सल्ला कुणी दिला तर दुर्लक्ष करा. तेल फक्त दांड्यांच्या टोकांना, तेही सुईच्या अग्राने.

देखाव्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक यंत्राच्या नादात त्याला विसरतात. पिना आणि दाते नवे करता येतात. जगात ते करणारे थोडेच आहेत, पण आहेत. दीडशे वर्षं जुनं रंगवलेलं कापड, कागदाच्या लगद्याचे खडक, वाळवलेलं शेवाळ, जहाजाच्या डोलकाठ्यांना बांधलेले रेशमी दोरे, हे एकदा गेलं की गेलं. नवीन समुद्र लावलेलं घड्याळ मी लांबून ओळखतो. तो निळा फार निळा असतो. तुमच्या फोटोत लाटांच्या कडांना पांढऱ्या रंगाचे हाताने मारलेले फराटे दिसतात आणि एका जागी कापड पिवळं पडून चिरलं आहे. ते तसंच राहू दे. चिरलेलं खालून पातळ कागद लावून आधार देता येतं. धबधबा म्हणजे पीळ दिलेली काचेची कांडी. ती स्वतःभोवती फिरली की पाणी पडल्याचा भास होतो. ती पुसायची तर कोरड्या मऊ कुंचल्याने, दोन बोटांत धरून पिरगळत नाही.

आणि हिरवा रंग. झाडांची पानं आणि शेवाळ तुमच्या फोटोत अजून चांगलंच हिरवंगार दिसतंय, म्हणून ही सूचना. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम पानाफुलांना जो झगझगीत हिरवा द्यायचे तो बऱ्याचदा आर्सेनिकचा असायचा. लंडनमध्ये १८६१ साली माटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची मुलगी कृत्रिम पानांवर ही हिरवी पूड लावण्याच्या कामात विषबाधा होऊन मेली, आणि त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. तुमच्या पानांत तो आहे की नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून आहे असंच धरा. घुमट उचलल्यावर फुंकर मारून धूळ उडवू नका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. नुसतं घुमटाबाहेरून पाहण्यात काही धोका नाही.

घुमट उचलायला दोन माणसं लागतात, हे वेगळं सांगायला नको. जुनी काच फुंकून केलेली, पातळ आणि लंबवर्तुळाकार असते. तसा माप जुळणारा घुमट मिळवणं मोठं दिव्य. सरळ वर उचला, तिरका नाही, नाहीतर आतली कड डोलकाठीला लागते. तुमच्या जहाजाची मधली काठी मोडून पुन्हा चिकटवलेली दिसते, ती अशीच मोडली असणार. खाली उतरवून घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, फरशीवर नाही.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे तो प्रश्न असतोच. फणीच्या खर्जातल्या दात्यांना खालून शिशाची वजनं डकवलेली असतात, सूर खाली उतरवायला. दमट हवेत आणि लाकडी पेटीच्या वाफेत शिसं पांढरं पडतं, फुगतं, शेजारच्या वजनाला टेकतं, आणि दोन्ही सूर बसतात. पेटी उघडल्यावर फणीखाली पांढरी भुकटी दिसली तर ती मीठ किंवा चुना नव्हे, ते शिसं आहे. घड्याळ बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, एसीच्या झोतात नको, खिडकीच्या उन्हात नको. बैठकीच्या खोलीतला आतला कोपरा बरा.

वयाचा अंदाज तुम्हाला घरबसल्या घेता येईल. देखाव्यात आगगाडी आहे, आणि पॅरिसमधून प्रवासी गाडी पहिल्यांदा सुटली १८३७ साली. म्हणजे त्याआधीचं घड्याळ नाही, आणि बहुधा बरंच नंतरचं. तबकडीवर बाराच्या आकड्याच्या वर बारीक छिद्र आणि त्यात चौकोनी टोक असेल तर लंबक ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीच्या पद्धतीने टांगलेला आहे. १८४० नंतर पसरलेली ही सोय, घड्याळाची चाल कमीजास्त करायला पाठीमागे हात घालावा लागत नाही. पेटीच्या तळाला गाण्यांची चिठ्ठी शिल्लक असेल तर उत्तमच. ऑफेनबाख या संगीतकाराच्या 'ऑर्फे ओझांफेर' या संगीतिकेतली धून सापडली, तर सिलिंडर १८५८ नंतरचा, कारण ती पॅरिसमध्ये त्या वर्षी आली. मात्र सिलिंडरचं वय म्हणजे घड्याळाचं वय नव्हे. एकाचं यंत्र, दुसऱ्याची पेटी आणि तिसऱ्याचा देखावा अशी 'लग्नं लावलेली' घड्याळं बाजारात भरपूर आहेत. पेटीच्या तळाला जुनी रिकामी स्क्रूची छिद्रं दिसतात का पाहा. एकदोन असतील तर दुरुस्ती, पाचसहा असतील तर लग्न.

किंमत मी सांगणार नाही, फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. ती ठरते मूळ समुद्र शाबूत आहे का, फणीचे किती दाते गेले आहेत, घुमट जुना आहे का, आणि हे 'लग्न' आहे का यावर. फालिब्वासारख्या नावाजलेल्या कारागिराचं काम सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. पण विकणारे रोबेर-उदँ या घड्याळजी-जादूगाराचं नाव वाटेल त्या घड्याळाला चिकटवतात, तेव्हा नावापेक्षा सही आणि शिक्का पाहा. परदेशात विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा, लिलाववाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

चालू करायचं की नुसतं जपायचं, हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर घड्याळ रोज चालू द्या, त्याला काही होत नाही. गाणं दुरुस्त झाल्यावर वर्षातून चार-पाचदा वाजवा, पाडव्याला, दिवाळीला, पाहुणे आले तर. तेवढ्याने तेल जागचं हलतं आणि कापडावर ताण पडत नाही. शेजारपाजारच्या पोरांनी दोरी ओढायची नाही, एवढं मात्र घरात ठरवून टाका.

आणि माणूस घरी येऊन पेटी उघडेल तेव्हा समोर बसा. तळाशी जो कचरा निघेल तो झाडून टाकू देऊ नका. सगळा एका पांढऱ्या कागदावर घ्या आणि पाकिटात भरून त्यावर तारीख घाला. एका घड्याळात मला त्या धुळीत पवनचक्कीचं हरवलेलं पातं सापडलं होतं, नखाएवढं, लाल रंगाची कड अजून शाबूत. घरातले लोक ती पवनचक्की मूळचीच तीन पात्यांची समजत होते.